घरच्या बूथमध्ये आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो, काय करू? (फोंडा, गोवा)

फोंड्याचा_कंठ
नमस्कार मंडळी. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत कामं करता करता आता व्हॉइस ओव्हर मिळायला लागलेत. लोकल जाहिराती, माहितीपट आणि हल्ली ऑडिओबुकं. म्हणून घरीच माडीखालच्या खोलीच्या कोपऱ्यात बूथ करून घेतला. दोन बाजूंना घराच्याच चिऱ्यांच्या भिंती, प्लास्टर केलेल्या, दोन बाजूंना १२ एमएम प्लायचं पार्टिशन, आतून ४ बाय ४ फूट आणि उंची ८ फूट. आत सगळीकडे तो काळा एक इंची पिरॅमिड फोम चिकटवलाय, छताला पण, एवढीशी जागा सोडली नाही. टाळी वाजवली तर काही म्हणजे काही परत येत नाही. पण रेकॉर्डिंग ऐकलं की डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं. काही शब्द मधेच फुगतात, 'मग', 'घर', 'आणि' असे खालच्या पट्टीतले, आणि स, श एकदम बोथट. ईक्यूने (फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करायच्या सेटिंगने) तो फुगीरपणा कापला तर आवाजातला जीवच जातो, पातळ होतो. एका क्लायंटने फाइल परत पाठवली, 'रूम ऐकू येतेय' म्हणून. माइक कंडेन्सर आहे, बरा आहे. बसून वाचतो, माइक तोंडापासून ८-१० इंचांवर. एक कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेला, तो म्हणतो याच फोमवर दुसरा फोम लावा. लावू का?

घुमटवाला
पहिला नंबर माझा. उत्तर माहीत नाही पण वाचत राहणार, मला पण आरत्या रेकॉर्ड करायच्यात 😀

सुरंगी
फोमवर फोम अजिबात लावू नका दादा. मी मडगावला असते, ऑडिओबुकंच करते, आणि माझ्याकडे बूथ नाहीच. बेडरूममध्ये कपाट उघडं टाकते, साड्या आणि गोधड्या समोर, पाठीमागे जाड रजई स्टँडवर, बस. तुमच्यापेक्षा खर्च शून्य आणि माझ्या फाइल परत येत नाहीत. ४ बाय ४ ची पेटी ही मुळात आवाजासाठी वाईट जागा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, लोकांना बूथ दिसायला प्रोफेशनल वाटतो म्हणून करतात.

तरंगलांबी
सुरंगीताईंचं मत टोकाचं आहे पण शंभरातल्या नव्वद घरांत बरोबर ठरेल. मी शाळेत फिजिक्स शिकवतो आणि फावल्या वेळात हेच उद्योग करतो, त्यामुळे जरा लांबण लावतो, माफ करा.

कंठबाब, एक करा. घरात हार्मोनियम असेलच. बूथमध्ये जाऊन नेहमीच्या जागी बसा, हेडफोन लावा, माइक चालू ठेवा आणि खालून वर 'ऊ' करत हळूहळू सरकत जा, जोर सगळीकडे सारखा. एका ठिकाणी आवाज एकदम अंगावर येईल. माझा अंदाज, तो सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठेतरी सापडेल. करून बघा आणि सांगा, मग कारण सांगतो.

फोंड्याचा_कंठ
तरंगलांबी सर, तुम्ही घरी येऊन बघून गेलात की काय?? काळी एकच्या जरा वर, अगदी बरोब्बर. तिथे हेडफोनमध्ये नुसता गडगडाट आणि त्याच्या खाली-वर गेलं की पुन्हा नॉर्मल. आणि माझी बोलायची पट्टी पण तिथेच आसपास आहे.

तरंगलांबी
घरी यायची गरज नाही, तुम्ही मापं दिलीत तिथेच उत्तर होतं. दोन समोरासमोरच्या भिंतींमधे ध्वनीची अर्धी तरंगलांबी जिथे बरोबर बसते ती फ्रिक्वेन्सी तिथे साचते. याला रूम मोड म्हणतात. हिशोब सोपा, ध्वनीचा वेग भागिले अंतराची दुप्पट. आपल्याकडच्या ३० अंश तापमानाला वेग सेकंदाला साधारण ३४९ मीटर धरा, ४ फूट म्हणजे १.२२ मीटर, उत्तर आलं १४३ हर्ट्झ. तुमची लांबी पण ४, रुंदी पण ४, म्हणजे दोन्हीकडून १४३. उंची ८ फूट, तिचा पहिला मोड ७१ वर आणि दुसरा पुन्हा १४३ वर. तीन बाजूंनी एकच सूर साचतोय. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० मधे असतो, म्हणजे तो मोड बरोबर तुमच्या घशाशी येऊन बसलाय.

आता फोम. एक इंची फोम वरच्या फ्रिक्वेन्सी खातो, साधारण हजारच्या वर चांगला, ५०० च्या खाली जवळजवळ काही नाही. टाळीत वरच्याच फ्रिक्वेन्सी जास्त असतात म्हणून टाळी मेल्यासारखी वाटते आणि आपण खूश होतो. प्रत्यक्षात तुम्ही स, श ची चमक खाऊन टाकलीत आणि १४३ जसाच्या तसा ठेवलात. त्यावर आणखी पातळ फोम लावलात तर जे आधीच मेलंय तेच आणखी मरेल.

१४३ ची तरंगलांबी जवळपास अडीच मीटर. सच्छिद्र वस्तू भिंतीपासून पाव तरंगलांबीवर असली तर सगळ्यात जास्त काम करते, म्हणजे इथे २ फूट! ४ फुटी बूथमध्ये दोन्हीकडून २ फूट जाडी घातलीत तर तुम्ही कुठे बसणार. त्यामुळे तडजोड करावी लागेल, पण होईल.

चिरेबंदी
मस्त समजावलंत सर. सिव्हिलवाला आहे, दोन गोष्टी वाढवतो. चिऱ्याची भिंत प्लास्टर केली की खालचे आवाज जवळजवळ पूर्ण परत फेकते. प्लाय मात्र स्वतः थरथरतो आणि थोडा बेस बाहेर जाऊ देतो, म्हणजे बूथचा त्रास बहुतेक त्या दोन चिऱ्यांच्या बाजूंनी जास्त आहे. दुसरं, ती भिंत बाहेरची असेल तर तिला जून ते सप्टेंबर ओल येणारच, आणि फोम थेट चिकटवलाय म्हटल्यावर मागे काय चाललंय ते बघा एकदा. एक शीट सोलून बघा फक्त.

फोंड्याचा_कंठ
सोलली. मागे काळे ठिपके, बुरशी, आणि कुबट वास जो मला आतापर्यंत नवीन फोमचा वाटत होता. फोमबरोबर प्लास्टरचा रंग पण आला हातात. आई दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही, तेवढंच बरं.

मिक्सिंगवाला
एवढं कशाला करताय लोकं, हल्ली एआयवाले व्हॉइस एन्हान्सर आहेत, एका क्लिकमध्ये रूम काढून टाकतात. मी तर बाथरूममध्ये पण रेकॉर्ड केलंय.

सुरंगी
@मिक्सिंगवाला, रीलसाठी चालेल. ऑडिओबुकात तासन्‌तास ऐकायचं असतं, तिथे ते एन्हान्सर श्वास खातात, शब्दांची शेपटं कापतात, 'ळ' आणि 'ल' मधला फरक पुसतात. आणि बरेच प्रकाशक कच्ची फाइल मागतात. एसीएक्सचे (ऑडिबलच्या ऑडिओबुक प्लॅटफॉर्मचे) नियमच बघा, सरासरी पातळी म्हणजे आरएमएस उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या मधे, पीक उणे ३ च्या वर नको, आणि शांततेतला आवाज उणे ६० च्या खाली. यातलं पहिलं दुसरं सॉफ्टवेअरने होतं, तिसरं मुळातच खोली शांत असावी लागते. आवाज वर ओढला की मागचा गोंगाट पण तेवढाच वर येतो.

पावसापाण्याचा
डायनॅमिक माइक घ्या, विषय संपला. डायनॅमिक रूम पकडत नाही.

तरंगलांबी
हे सगळीकडे वाचायला मिळतं पण अर्धंच खरं आहे. डायनॅमिक माइक आपण तोंडाला चिकटवून वापरतो म्हणून रूम कमी येते, माइकच्या जातीमुळे नाही. तोच कार्डिओइड पॅटर्न (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारा) आणि तेच अंतर ठेवलंत तर दोघंही जवळपास सारखीच खोली ऐकतात. अंतराचा फायदा मात्र खरा आहे, तोंड-माइक अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा तेवढाच राहतो. कंठबाब ८-१० इंचांवर आहेत, ५-६ वर या. जवळ आल्यावर कार्डिओइड बेस फुगवतो, त्याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात, म्हणून ८० हर्ट्झचा लो कट (त्याच्या खालचं कापणारा फिल्टर) लावा आणि माइक तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता थोडा बाजूला, प आणि फ चे फुंकारे पण वाचतील.

आणि एक फुकटचा उपाय, आज रात्रीच करा. उभे राहून वाचा. कारण सांगतो. ८ फूट उंचीच्या त्या दुसऱ्या मोडचा दाब जमिनीवर, छताशी आणि बरोबर मध्ये ४ फुटांवर सगळ्यात जास्त असतो, आणि २ व ६ फुटांवर जवळपास शून्य. तुम्ही बसलात की तोंड आणि माइक ४ फुटांच्या आसपास, म्हणजे नेमके फुगवट्यात. उभे राहिलात की सव्वापाच-साडेपाच फुटांवर जाता, शून्याच्या जवळ. आडव्या मोडसाठी उलट आहे, ४ फुटांच्या मधोमध दाब शून्य. पण मधोमध गेलात तर त्याचा दुसरा मोड २८६ फुगतो. म्हणून माइक एका भिंतीपासून दीड फुटावर धरा, दोघांच्या मधली जागा.

घुमटवाला
सर एक येडा प्रश्न. घुमट (आमचं आरतीचं मातीचं वाद्य) पण आतून पोकळ मडकंच ना, त्याचा पण एक सूर असतो. मग बूथमध्ये मडकी ठेवून तो १४३ खाता येईल का?

तरंगलांबी
येडा अजिबात नाही, हा हेल्महोल्ट्झ रेझोनेटर, म्हणजे ठरावीक सुरालाच घुमणारं पोकळ भांडं. युरोपात जुन्या चर्चच्या भिंतींत मडकी पुरलेली सापडतात ती याच आशेने. मी गंमत म्हणून हिशोब केला, १० लिटरच्या आसपासची घागर, गळा ४ इंच रुंद आणि थोडा उंच, तर तिचा सूर दीडशेच्या आसपास पडतो. म्हणजे कंठबाबांच्या रोगावर औषध बाजारात तयार आहे! पण एक मडकं अगदी अरुंद पट्टा खातं, अर्धा-पाऊण सूर इकडे तिकडे झाला की उपयोग नाही, आणि फरक कळायला बरीच लागतील. पाणी थोडं थोडं घालून सूर जुळवता येतो, ते मात्र पोरांना दाखवायला झकास आहे. आतल्या हवेची जागा कमी झाली की सूर चढतो.

घुमटवाला
कातडं लावलेलं घुमट नको ना ठेवायला, ते उलट वाजायला लागेल माझ्या आवाजाने 😂 बाकी आमचं घुमट आता बकऱ्याच्या कातड्याचं. पूर्वी घोरपडीचं असायचं, ते वन्यजीव कायद्याने बंद. म्हातारी माणसं अजून म्हणतात तो जुना नाद येत नाही. २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं तेव्हा पण हीच चर्चा.

चिरेबंदी
विषयावर या रे 🙂 साउंडप्रूफिंग आणि अकॉस्टिक्स वेगळं आहे हे कुणीतरी सांगा, कंठबाबनी दोन्ही एकत्र केलंय असं दिसतंय.

मीच सांगतो. आतला घुमारा घालवायला मऊ, जाड, हवा आरपार जाणारी वस्तू लागते. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. फोम, गोधडी, अंड्यांचे ट्रे, यातलं काहीही बाहेरचा ट्रक अडवत नाही. (ट्रे तर आतलं पण धड करत नाहीत.) भिंतीचं वजन दुप्पट केलं तर साधारण ६ डेसिबल मिळतात, कागदावर. आणि फट सगळ्यावर पाणी फिरवते. एक उदाहरण, दार २ बाय साडेसहा फुटांचं आणि खाली पाऊण इंच फट, म्हणजे क्षेत्रफळाच्या जेमतेम १ टक्का. तर दार शिशाचं केलंत तरी २० डेसिबलच्या वर काही अडणार नाही. आधी खाली रबर बीडिंग आणि उंबरठा, मग जाड दाराचा विचार.

फोंड्याचा_कंठ
दाराखाली बोट जातं माझं, नुसतं नव्हे, अंगठा जातो. मेस्तने (सुताराने) मुद्दाम ठेवली होती हवा यायला. कारण दार लावून वीस मिनिटं वाचलं की आत जीव गुदमरतो, शर्ट भिजून जातो आणि आवाजाला थकवा येतो तो वेगळाच.

आणि उभं राहून बघितलं. सर, लोटांगण. निम्मा त्रास गेला. स्क्रिप्ट छातीशी ठेवली तर मान खाली जाते म्हणून टॅब स्टँडवर लावला डोळ्यासमोर.

सुरंगी
टॅब सपाट काच आहे हां, तोंडाचा आवाज तिच्यावर आपटून माइकमध्ये दुसऱ्यांदा येतो. परत आलेल्या आवाजाचा रस्ता एक फुटाने जरी लांब असला तरी ५६०-५७० हर्ट्झला एक खड्डा पडतो आणि वर ओळीने आणखी. ऐकताना पोकळ वाटतं. टॅब माइकच्या मागे आणि थोडा वर, तिरका करून छताकडे झुकवा म्हणजे परतलेला आवाज वरच्या मऊ भागात जाईल. मी अजूनही कागदच वापरते, पण पानं उलटायचा आवाज येतो, प्रत्येक पानाला थांबावं लागतं.

साखळीचो_मेस्त
नमस्कार. मी सुतार, साखळी. असे बूथ मी केलेत, एकदोन स्टुडिओवाल्यांचे पण. लिहायला जमत नाही एवढं पण सांगतो. फोम सगळा काढा. चिऱ्याच्या भिंतीला काही चिकटवू नका, २ इंच हवा सोडून रिपांचा सांगाडा उभा करा, खालून पण जमिनीपासून उचलून. सांगाड्यात रॉकवूलचे (दगडाच्या तंतूंचे) स्लॅब, घनमीटरला ४८ किलो डेन्सिटीवाले, २ इंची दोन एकावर एक. त्यावर काळं नॉन वोव्हन कापड स्टेपल करायचं म्हणजे धागे बाहेर येत नाहीत, मग वरून शोचं कापड. कापड पॉलिस्टरचं घ्या, सुती घेतलं तर श्रावणात वास येतो. कापड दुकानात तोंडाला लावून फुंकून बघा, फुंकर पलीकडे गेली पाहिजे. रेक्झिन, जाड पडदा नको. रॉकवूल लावताना फुल बाह्यांचा शर्ट, मास्क, ग्लोव्ह्ज, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

तरंगलांबी
मेस्त, याहून चांगलं कुणी लिहिणार नाही. हवा सोडायचा दुहेरी फायदा, ओल लागत नाही आणि खालची फ्रिक्वेन्सी जास्त खाल्ली जाते. ४ इंच रॉकवूल २५० च्या वर जवळपास सगळं खातो आणि १४३ ला पण बऱ्यापैकी, मागे हवा असली की आणखी. शिवाय तो दगडाचा असल्यामुळे जळत नाही. आतला पीयू (पॉलियुरेथेन) फोम मात्र पेट घेतला तर भयंकर धूर करतो, बंद पेटीत वायर आणि दिवा असताना ते डोक्यावर घेऊन बसायची मला तरी भीती वाटते.

पण चारी बाजूंना ६-६ इंच गेले तर आत ३ बाय ३ उरतं. त्यात माणूस उभा राहील, श्वास घेणार नाही.

सुरंगी
म्हणूनच म्हणते पेटी उघडा. मोकळी बाजू म्हणजे १०० टक्के शोषण, तिथून गेलेला आवाज परत येत नाही. (बाहेरची खोली मऊ असेल तर.)

तरंगलांबी
अगदी. या शास्त्राची सुरुवातच तिथून झाली. हार्वर्डमध्ये १८९५ च्या सुमारास वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला एक लेक्चर हॉल दुरुस्त करायला दिला, फॉग म्युझियमचा, त्यात शब्दच कळायचे नाहीत. त्याने रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून हॉलमध्ये थोड्या थोड्या पसरल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि स्टॉपवॉच घेऊन आवाज किती वेळ टिकतो ते मोजलं. त्यातूनच त्याचं सूत्र आलं, आणि शोषण मोजायचं एकक म्हणून त्याने उघडी खिडकी धरली. म्हणजे सुरंगीताईंच्या गोधड्यांना चांगली परंपरा आहे.

साखळीचो_मेस्त
मग असं करा. खोलीच्या बाजूची जी ४ फुटी प्लायची बाजू आहे ती पूर्ण दोन पानांचं दार करा. शांत वेळी दोन्ही पानं उघडी, पानांच्या आतल्या अंगाला रॉकवूलची फ्रेम, म्हणजे ती दोन्ही बाजूंना पंखासारखी राहतात आणि तुम्ही चिऱ्याच्या भिंतीकडे पाठ करून उभे. गोंगाट असेल तेव्हा बंद. दुसरी प्लायची बाजू तशीच राहू द्या, नुसती फ्रेम लावा.

फोंड्याचा_कंठ
हे डोक्यातच आलं नव्हतं. खोलीत समोर गाद्या रचलेला पलंग आणि कपड्यांचं कपाट आहे, म्हणजे मऊ आहे. पण बाहेरच्या आवाजाचं काय? मागे कुळागर (सुपारीची बाग). रात्री बेडूक, रातकिडे, पहाटे देवळातला लाउडस्पीकर, सकाळ-संध्याकाळ पोदेराचा (पाववाल्याचा) पोंक पोंक, दिवसा रस्ता. आणि चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की शेजारच्या अंगणात घुमट आरतीची तालीम.

घुमटवाला
तालमीला नावं ठेवायची नाहीत हां. पोदेराचा आवाज तर माइकमध्ये आलाच पाहिजे, गोव्याचा ऑडिओबुक आहे ना.

सुरंगी
वेळ ठरवा दादा. मी दुपारी दीड ते साडेतीन करते, सगळा गाव झोपलेला असतो, हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त साउंडप्रूफिंग. बेडूक एकदम सुरू होतात एकदम थांबतात, ते दोन वाक्यांच्या मधे आले तर कापता येतात. रातकिडे मात्र वाईट, त्यांची किरकिर ४-५ हजार हर्ट्झच्या आसपास, बरोबर तुमच्या स, श च्या शेजारी, लो कटने जात नाही आणि नॉइज रिडक्शन लावलं की स पण जातो. रात्री खिडकीला बीडिंग लावा आणि माइकची पाठ खिडकीकडे करा, कार्डिओइड मागून सगळ्यात कमी ऐकतो.

पावसापाण्याचा
आणि पाऊस? आमच्या घराला मंगळुरी कौलं, जुलैत रेकॉर्डिंग म्हणजे विसरा.

चिरेबंदी
कौलांखाली काही करायचं तर जिप्समचं फॉल्स सीलिंग, वर रॉकवूल, पण बूथ छताला टेकता कामा नये. कंठबाबांच्या डोक्यावर माडी आहे, त्यांना पाऊस फारसा नडणार नाही. पत्र्याची शेड असेल तर पावसाळ्यात ऑडिओचा धंदाच बंद ठेवा, गंमत नाही करत.

हवेचं सांगतो. दाराखालच्या फटीऐवजी छताजवळ एक भोक घ्या, तिथून प्लायच्या वळणावळणाच्या पेटीतून, आत एक इंची फोम, (घ्या, तुमचा काढलेला फोम इथे लागतो, बुरशी लागलेला सोडून!) हवा बाहेर आणि टोकाला हळू फिरणारा इनलाइन (डक्टला जोडायचा) फॅन, बूथपासून लांब, लवचिक डक्टने जोडलेला. डक्ट जेवढा रुंद तेवढी हवा हळू जाते आणि सूं आवाज कमी. फॅन भिंतीला घट्ट बसवू नका, रबरवर टांगा, नाहीतर चिरा गुणगुणेल.

तरंगलांबी
आणि माइक बूथमध्ये ठेवू नका पावसाळ्यात. कंडेन्सरच्या कॅप्सूलला दमट हवा लागली की मधेच चट चट असा आवाज येतो आणि माणूस केबल बदलत बसतो. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, गुलाबी झालं की तव्यावर मंद गरम करून पुन्हा निळं.

सगळं झालं की रूम ईक्यू विझर्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, स्पीकरवर स्वीप (खालून वर सरकणारा सूर) वाजवून आधी-नंतरचा आलेख काढा. त्यातला वॉटरफॉल (आवाज वेळेनुसार कसा विरतो त्याचा आलेख) बघा, १४३ ची शेपूट किती लांब राहते ते. लहान खोलीत आरटी ६० चा (आवाज ६० डेसिबलने विरायला लागणाऱ्या वेळेचा) एकच आकडा फसवा असतो, त्याच्या मागे लागू नका.

फोंड्याचा_कंठ
अपडेट. मेस्त फोन करून स्वतः आले, (साखळीहून! मी विचारलं पण नव्हतं) दोन पानांचं दार झालं, चिऱ्याच्या दोन्ही भिंतींना हवा सोडून ४ इंची फ्रेम, छताला ८ इंच खाली टांगलेली एक जाड फ्रेम. त्या छताच्या फ्रेमने 'मग' आणि 'घर' गेले ते गेलेच, उभ्याचा मोड मोडला. 'ऊ' करत सरकलो तर काळी एकवर किंचित उचल आहे अजून, पण अंगावर येत नाही. आलेखात १४३ चा डोंगर बसलाय, २८६ ला छोटा उंचवटा आहे तो ईक्यूने दोन डेसिबल कापला आणि आवाज पातळ नाही झाला. स, श परत आले. दारं उघडी ठेवून दुपारी शांततेतला आवाज उणे ६२, पंखा बंद करून. दारं लावली की आणखी खाली जातो पण घुमारा थोडा वाढतो, म्हणून उघडीच बरी वाटतात. क्लायंटला तीच स्क्रिप्ट पुन्हा पाठवली, घेतली.

एक अडचण, दाराची पानं फ्रेममुळे जड झालीत, उजवं पान खाली घासतंय.

साखळीचो_मेस्त
तीन बिजागऱ्यांवर चालेल वाटलं होतं, रॉकवूल आणि डबल कापडाने वजन वाढलं. चौथी बिजागरी वरच्या बिजागरीच्या लगेच खाली लावायची, मधे नाही, ओढ वरतीच येते. आणि पानाच्या खाली एक छोटं चाक. रविवारी येतो, नुस्त्याचं (माशाचं) हुमण ठेवा.

सुरंगी
चाक रबराचं लावा मेस्त, प्लास्टिकचं नको, नाहीतर दार हलवलं की रेकॉर्डिंगमध्ये कर्र येईल.

घुमटवाला
मेस्तांचा नंबर मला मेसेजमध्ये द्या कुणीतरी, चवथीच्या आधी आरत्या उरकायच्यात.